साक्षीदाराने न्यायाधीश होऊ नये

'साक्ष' हा शब्द मराठीत आता प्रामुख्याने कोर्टकचेरीचा झाला आहे. मालवण, कणकवली, सावंतवाडी अशा तालुक्यांच्या ठिकाणी जमिनीच्या वाटण्या, कुळांचे हक्क आणि बांधावरच्या माडांची मालकी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालत आले आहेत. त्यामुळे साक्षीदार म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. जे स्वतः पाहिले तेवढेच साक्षीदाराने सांगायचे असते. बाजू मांडणे हे वकिलाचे काम आणि दोष ठरवणे हे न्यायाधीशाचे. याच शब्दाचा दुसरा एक अर्थ याच किनाऱ्यावरच्या चर्चमधून ऐकू येतो. ख्रिस्त हा जगाचा प्रकाश आहे, तो पाप्यांचा तारणारा आहे, आणि ज्याला त्याची प्रचीती आली त्याने त्याची साक्ष दिली पाहिजे, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती शिकवण आहे.

या साक्षीविषयी अलीकडे एक चमत्कारिक अवघडलेपण निर्माण झाले आहे. कोणी आपल्या श्रद्धेविषयी जाहीरपणे चार शब्द बोलला, की त्यामागे धर्मांतराचा डाव आहे काय, याचा शोध सुरू होतो. उलटपक्षी, संख्येने थोडा असलेला ख्रिस्ती समाज नाताळचा तारा आणि गावचे फेस्त यांपलीकडे आपल्या श्रद्धेविषयी बोलण्याचे टाळू लागतो. एका बाजूला संशय आणि दुसऱ्या बाजूला मौन, अशी ही स्थिती आहे. ती समजून घ्यायची तर साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश या तीन भूमिकांतला भेद ध्यानात ठेवून थोडे इतिहासाकडे पाहावे लागेल. कारण या किनाऱ्याने तिन्ही भूमिका पाहिल्या आहेत.

सिंधुदुर्गच्या दक्षिण टोकाला तेरेखोलची खाडी आहे आणि तिच्यापलीकडे गोवा. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत ते टिकले. साष्टीतली देवळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली. अनेक घराणी आपली दैवते घेऊन पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर फोंड्याकडे गेली. काहींनी तेरेखोल ओलांडून सावंतवाडीच्या मुलखाचा आश्रय घेतला. या भागातील अनेक कुटुंबांच्या कुलदैवतांची स्थाने आजही गोव्यात आहेत. तेव्हा, ज्या क्रुसाखाली पाप्याला क्षमा मिळते असे सांगितले गेले, त्याच क्रुसाखाली न्यायासने मांडली गेली, ही आठवण येथे पुस्तकी नाही. आणि हेही विसरून चालणार नाही, की इन्क्विझिशनचा वरवंटा मुख्यतः फिरला तो बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच. घरात तुळस ठेवली, जुन्या रीतीने लग्नातले विधी केले, अशा कारणांसाठी नव्या ख्रिस्ती माणसांचीच चौकशी होई. पापी कोण, हे तेथे सत्ता ठरवीत होती. पाप्यांचा तारणारा हा शब्द न्यायाधीशाच्या तोंडी गेला की त्याचे काय होते, याचा तो धडा आहे.

याच काळात, याच साष्टीत एक निराळा माणूस काम करीत होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तेथेच वारला. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती आणि त्यांच्या जागी वाचावे असे काही त्यांच्या हाती नव्हते. ही उणीव त्याने ओळखली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. पण ज्या विषयासाठी ती भाषा त्याने हाती धरली, तो विषय मात्र शिक्षकाने आवरते घेण्याचा ठरला. स्टीफन्स पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखालीच होता, हे खरे. त्याला त्या व्यवस्थेबाहेर काढून निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. तथापि ज्याला काही सांगायचे आहे त्याने ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या छंदात, त्याच्या ओटीवर बसून सांगितले पाहिजे, एवढे त्याला कळले होते. सत्तेला ते कळले नव्हते. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज धरावी, असा हुकूमच काढला.

एकोणिसाव्या शतकात न्यायासन गेले आणि वकील आले. मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद १८३०-३१ च्या सुमारास गाजला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी गिरगावच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. या वादांनी मराठी गद्याला धार आली आणि मुद्रणालयांना काम मिळाले. मात्र 'तुझे पुराण खोटे की माझे' या खटल्यात कोणाचे अंतःकरण पालटले असेल, तर ते वादाच्या जोरावर क्वचितच.

साक्ष म्हणून जिचा विचार करावा अशी गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती एका संस्कृत पंडितेच्या बाबतीत घडली. पंडिता रमाबाईंचे चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे; परंतु त्यातला या विषयाशी निगडित भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. दुष्काळाने आईवडील गेलेले, भाऊ गेला, पती गेला. १८८३ साली ही तरुण विधवा इंग्लंडला गेली. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात ती राहत होती. त्या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होते. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. त्या स्त्रिया तेथे माणसासारख्या वागवल्या जात आणि त्यांतल्या काही पुढे स्वतः इतरांची सेवा करीत. रमाबाईंनी हे पाहिले आणि विचारले, की अशा स्त्रियांविषयी तुम्हांला ही कळकळ वाटते तरी का? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, परजातीच्या त्या स्त्रीजवळ ख्रिस्ताने पाणी मागितले आणि तिच्याशी धर्माची गहन चर्चा केली. धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना पतित स्त्रीविषयी त्यांत काय लिहिले आहे, हे पुरेपूर ठाऊक होते. हा फरक त्यांच्या मनाला भिडला, असे त्यांनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

त्याच निवेदनातला दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही. तत्पूर्वी त्या वाँटेजच्या भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून अक्षरशः भांडल्या होत्या. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या. एवढी स्वाभिमानी, सर्वत्र मान मिळवलेली विदुषी अखेर सांगते काय, तर आपल्या विद्येने आणि सत्कृत्यांनी आपले काम भागले नाही. आपण पापी म्हणूनच उभे राहिलो आणि पापी म्हणूनच स्वीकारले गेलो. येथे साक्षीदार दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. तो आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः जाऊन उभा राहिला आहे आणि तेथून बोलतो आहे. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे 'कृपासदन' निघाले, ते अशाच बहिष्कृत स्त्रियांसाठी. त्यांना आत घेणारी बाई स्वतःला त्यांच्याहून वेगळ्या पंक्तीत बसवीत नव्हती, म्हणूनच ते निघू शकले.

ख्रिस्ताला जगाचा प्रकाश म्हणतात ते नेमके कोणत्या संदर्भात, हे पाहिले म्हणजे हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला धर्माचे ठेकेदार फरफटत आणतात. शास्त्राप्रमाणे तिला दगडांनी मारायचे असते. ज्याने कधी पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा, असे ख्रिस्त सांगतो, आणि जमाव वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून एकेक करीत निघून जातो. या प्रसंगाला लागूनच ख्रिस्त स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. (त्या स्त्रीबरोबरचा पुरुष कोठे होता, हा प्रश्न त्या जमावाला पडलेला दिसत नाही, तो आजही क्वचितच पडतो.) म्हणजे हा प्रकाश प्रथम पडतो तो आरोप करणाऱ्यांच्या अंतरंगावर. अंधारात कोण आहे, याची यादी दुसऱ्याच्या घराण्याची, जातीची अथवा धर्माची असेल, तर ती यादी करणाऱ्याला तो प्रकाश दिसला आहे, असे म्हणता येत नाही.

ही कल्पना कोकणाला परकी वाटण्याचे कारण नाही. गावऱ्हाटीतल्या गाऱ्हाण्यात सगळ्या गावासमक्ष चुकल्यामाकल्याची कबुली दिली जाते, आणि जमलेले लोक 'होय म्हाराजा' म्हणून तिला रुकार देतात. 'पतितपावन' हे देवाचे नाव संतांनी घरोघर पोचवले, आणि रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर आणि सावरकर यांच्या प्रयत्नाने सर्व जातींना खुले झालेले मंदिर याच नावाचे आहे. संतांच्या अभंगांतही स्वतःला पतित म्हणवण्याची रीत आहे. फरक असलाच तर तो पतिताला पावन करणारा कोण, या उत्तराचा आहे. तो फरक लहान नाही. पण त्यावर शांतपणे बोलणे अशक्य व्हावे, असाही नाही.

तरीसुद्धा एक आक्षेप उरतो आणि तो अर्थव्यवहाराशी संबंधित असल्यामुळे टाळता येण्याजोगा नाही. ख्रिस्ती साक्षीमागे धान्य, शाळा, दवाखाना उभा असतो, आणि गरजू माणूस श्रद्धेने नव्हे तर पोटासाठी मान डोलावतो, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्यप्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली व विधवा केडगावला आणल्या. त्यांचे प्राण वाचले, हे निर्विवाद. परंतु उपाशी मुलीने अन्नदात्रीच्या धर्माला दिलेला होकार हा पूर्ण स्वेच्छेचा होकार मानावा काय, हा प्रश्न विचारणाऱ्याला धर्मद्वेष्टा म्हणता येणार नाही. एका पक्षाजवळ अन्न आणि दुसऱ्याजवळ केवळ भूक असते, तेव्हा कोणताही करार बरोबरीचा नसतो. पुण्यात १८९३ साली शारदासदनावरून वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या, त्यामागे असाच एक प्रश्न होता. पालकांनी विधवा मुली सोपवल्या होत्या त्या शिक्षणासाठी. रमाबाईंच्या प्रार्थनेची खोली उघडी असली आणि मुली आपखुशीने जात असल्या, तरी पालकांना धोका वाटला, हे समजण्यासारखे आहे.

मात्र हाच आक्षेप पुढे ताणला, की तो विचित्र वळण घेतो. गरिबाची श्रद्धा नेहमी विकत घेतलेली आणि सुस्थिताची श्रद्धा नेहमी अंतःकरणाची, असे गृहीत धरले जाते. ज्या माणसाला मजुरीचा दर, शेताचा हंगाम आणि सावकाराचे व्याज बरोबर कळते, त्याला देव मात्र कळत नाही, तेथे तो फसवलाच जातो, असा त्याचा अर्थ होतो. हा धर्माविषयीचा विचार नसून वर्गाविषयीचा ग्रह आहे. शिवाय जमाखर्च मांडायचाच तर तो पुरता मांडावा. प्रलोभनाचा हिशेब करणाऱ्यांच्या वहीत तोट्याचा रकाना सहसा नसतो. मराठी ख्रिस्ती समाजातल्या ज्यांची नावे इतिहासात राहिली, त्यांच्या खात्यावर आप्तांचा वियोग, जातीतून बहिष्कार, वडिलोपार्जित घराचा दरवाजा बंद, असेच आकडे दिसतात.

वेंगुर्ल्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन यांनी या लहानशा बंदरात वैद्यकीय काम केले, आणि सेंट ल्यूक्स रुग्णालयाचे नाव दक्षिण कोकणात घरोघर झाले. त्यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत होता. दवाखान्यातून धर्मांतराची लाट उठायची असती, तर वेंगुर्ले तालुका आज निराळा दिसला असता. तसे काही झालेले नाही. लोक औषध घेऊन आपापल्या देवाकडे परतले, आणि त्याबद्दल कोणी त्यांना कृतघ्न म्हटले नाही. साक्ष दिली गेली. ती कशी घ्यायची, हे ऐकणाऱ्यावर सोपवले गेले.

कायद्याची भूमिका तत्त्वतः याहून फार निराळी नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. 'प्रसार' हा शब्द घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये वादाचा विषय झाला होता. कन्हैयालाल मुन्शी यांच्यासारख्या सनातन संस्कृतीच्या अभिमान्याने तो राहू द्यावा असे आग्रहाने सांगितले. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क अंतर्भूत नाही. या निकालावर टीका झाली आहे. पण आपल्याला गवसलेले दुसऱ्याला सांगण्याचा हक्क त्यानेही मान्यच केला आहे. धाक दाखवला गेला काय, पैसे दिले गेले काय, हे पोलीस तपासू शकतात. एखाद्याला प्रकाश दिसला काय, हे तपासण्याचे साधन कोणत्याही ठाण्यात नाही. सरकारने आणि त्याहीपेक्षा सरकारच्या नावाने गल्लीबोळांतून तपासणीला निघणाऱ्यांनी ही मर्यादा ओळखली पाहिजे. प्रार्थनेला जमलेल्या चार कुटुंबांच्या दारात जाऊन जाब विचारणे, हे इन्क्विझिशनच्याच परंपरेतले काम आहे, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने होवो.

ख्रिस्ती समाजाकडेही काही मागणे आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे केंद्र सावंतवाडी आहे. येथील ख्रिस्ती माणूस मालवणी बोलतो, शेती करतो, मासे मारतो, मुंबईला नोकरीला जातो आणि सणाला परत येतो. तो शेजाऱ्याहून वेगळा ओळखू येऊ नये इतका या मातीचा आहे. एवढे असूनही क्रुसाच्या छायेत गोव्यात जे घडले त्याविषयी तो बहुधा गप्प असतो. पापाची कबुली हा ज्या धर्माचा पाया, त्याने आपल्या इतिहासातले पापही कबूल करायला हवे. येशूची साक्ष देणाऱ्याने शेजाऱ्याच्या देवाला सैतान म्हटले, की तो पुन्हा न्यायासनावर चढून बसला, असे समजावे. असे म्हणणारे प्रचारक काही ठिकाणी आहेत, आणि त्यांच्यामुळे इतरांच्या साध्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्यांना आवर घातला, तर संशयाचे अर्धे इंधन संपेल.

साक्षीची उलटतपासणीही व्हावी लागते, आणि मराठीत ती झालेली आहे. नारायण वामन टिळक हे कोकणातले, दापोलीजवळच्या करजगावचे. १८९३ साली आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. पत्नी लक्ष्मीबाईंना यातले काही मान्य नव्हते. लहान मुलाला घेऊन त्या दूर राहिल्या. पुढे जवळ आल्या तरी चूल आणि पाणी निराळे ठेवले. हे सुमारे पाच वर्षे चालले. टिळक तापट होते, विसराळू होते, पैशाच्या बाबतीत अव्यवहारी होते. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यातले काहीही झाकून ठेवलेले नाही. घरच्याच माणसाने केलेल्या एवढ्या कठोर उलटतपासणीतून फार थोडे साक्षीदार गेले असतील. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना कोणी घाई केली नव्हती. टिळकांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. थोडेच अध्याय लिहून झाले असता, १९१९ साली ते गेले. उरलेल्यापैकी बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला.